"मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या": हे वाक्य पॅट्रिक हेन्रीचे म्हणून सांगावे का?

फळाखडू, राजारामपुरी

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. आमच्या नववीतील एका विद्यार्थिनीने आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी अमेरिकन क्रांतीतील वक्ता पॅट्रिक हेन्री (१७३६–१७९९) याची निवड केली आहे. टिळक, सावरकर आणि विवेकानंद यांच्यावर दरवर्षी पंधरा-वीस भाषणे होतात, तेव्हा परीक्षकांनी ज्याचे नाव फारसे ऐकलेले नाही असा माणूस घ्यावा, एवढाच तिचा व्यवहारी हिशेब होता. पुढे मात्र ती त्याच्यात पुरती गुंतली.

प्राथमिक फेरीत तिने भाषणाचा शेवट अर्थातच त्या प्रसिद्ध वाक्याने केला: "मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या!" टाळ्या चांगल्या पडल्या. गुणपत्रिकेवर मात्र एका परीक्षकांनी या वाक्याचा उल्लेख करून खाली दोनदा रेघ ओढली, 'अवतरण अप्रमाणित' असा शेरा मारला आणि आशयाचे पाच गुण कापले. मुलगी अंतिम फेरीत पोचली आहे, तरी तो शेरा तिच्या मनातून जात नाही. "बाई, तो असे बोललाच नसेल, तर तो मोठा वक्ता कशावरून?" असे तिने मला विचारले आणि खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नाही.

ते वाक्य त्याचे आहे की नाही, आणि नसल्यास सात मिनिटांत त्याच्या आयुष्यातील नेमके काय सांगावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. अंतिम फेरी येत्या रविवारी आहे.

मोडीवाचक, शिवाजी पेठ

बाई, परीक्षकांचा शेरा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पाच गुण कापण्याइतका तर नक्कीच नाही.

२३ मार्च १७७५ रोजी रिचमंड येथील सेंट जॉन्स चर्चमध्ये हेन्रीने भाषण केले, याविषयी वाद नाही. हेन्रीच्या व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीची राजधानी त्या वेळी विल्यम्सबर्ग होती. परंतु तेथे ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याच्या नाकासमोर बसून त्याच्याच विरुद्ध ठराव करणे अवघड, म्हणून प्रतिनिधींनी रिचमंडसारख्या लहान गावातील लाकडी चर्च गाठले होते. वसाहतीने आपली नागरी फौज उभी करावी असा हेन्रीचा ठराव होता आणि तो त्याने मंजूर करून घेतला. मात्र ते भाषण त्या दिवशी कोणी लिहून घेतले नाही, आणि हेन्रीलाही आपली भाषणे लिहून ठेवण्याची सवय नव्हती. आज शाळाशाळांतून पाठ केला जातो तो मजकूर विल्यम वर्ट नावाच्या वकिलाने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रातला आहे, म्हणजे भाषणानंतर ४२ वर्षांनी आणि हेन्रीच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी छापलेला. वर्टने हेन्रीला बोलताना कधी ऐकलेही नव्हते. भाषणाच्या वेळी हजर असलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या लोकांना, विशेषतः न्यायाधीश सेंट जॉर्ज टकर यांना, पत्रे लिहून आणि विचारपूस करून त्याने तो मजकूर जुळवला.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वर्टचे पुस्तक ही बखर आहे, अस्सल कागद नव्हे. मी आयुष्यभर मोडी रुमाल उलगडत आलो आहे, त्यामुळे बखरीला मी खोटे म्हणत नाही. सभासदाने शिवछत्रपतींच्या तोंडी घातलेले शब्द महाराजांनी तसेच्या तसे उच्चारले असतील असे कोणी मानत नाही, म्हणून सभासद कोणी फेकून देतो का? पण सभासद महाराजांच्या दरबारातला माणूस होता. वर्टला तेवढाही आधार नव्हता.

अस्सल म्हणता येईल असा एक कागद आहे, आणि तो शत्रुपक्षाचा आहे. नॉर्फोक येथील जेम्स पार्कर या राजनिष्ठ व्यापाऱ्याने एप्रिल १७७५ मध्ये लिहिलेल्या पत्रात हेन्रीच्या भाषणाविषयी चरफड व्यक्त केली आहे: इतके उद्धट भाषण कोणी ऐकले नसेल, त्याने राजाला जुलमी, मूर्ख आणि मंत्र्यांच्या हातातले बाहुले म्हटले, अशा आशयाची. स्वातंत्र्य आणि मरण यांचे वाक्य त्या पत्रात नाही. गंमत अशी की वर्टच्या मजकुरात राजाला दिलेल्या या शिव्याही नाहीत. वर्टचा हेन्री पुतळ्यासारखा भारदस्त बोलतो, तर पार्करच्या पत्रातला भरचौकात बोलल्यासारखा.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. कर्नल एडवर्ड कॅरिंग्टन नावाचा एक तरुण त्या दिवशी चर्चच्या खिडकीबाहेर उभा राहून भाषण ऐकत होता, आणि आपल्याला याच जागी पुरावे अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. १८१० मध्ये त्याला तेथेच पुरले. याउलट थॉमस जेफरसनने म्हातारपणी सांगितले होते की हेन्री आपल्या मताविरुद्ध बोलत असतानाही आपण भारावून जात असू, आणि तो खाली बसल्यावर 'हा नेमके म्हणाला तरी काय?' असा प्रश्न स्वतःला विचारला तर उत्तर सापडत नसे. ज्याचे शब्द कोणाला धड आठवत नाहीत पण तो कोठे उभा राहून बोलला ते मरेपर्यंत आठवते, असा वक्ता होता तो. "बोललाच नसेल तर मोठा कशावरून" याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

सल्ला एवढाच की वाक्य काढू नका. 'विल्यम वर्टने लिहून ठेवल्याप्रमाणे' हे चार शब्द आधी जोडा.

सनदधारक, ताराबाई पार्क

सरांनी १७७५ विषयी सांगितल्यावर त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी बारा वर्षे मागे जातो, कारण वकील म्हणून मला हेन्रीचे खरे पदार्पण चर्चमध्ये नव्हे, तर हॅनोव्हर परगण्याच्या कोर्टात झालेले दिसते.

हा माणूस तोवर सगळ्याच धंद्यांत बसलेला होता. दुकान काढले, ते बुडाले. १८ व्या वर्षी लग्न झाले, सासऱ्याने ३०० एकर जमीन आणि सहा गुलाम दिले. १७५७ मध्ये राहते घर जळाले. पुन्हा दुकान काढले, तेही चालले नाही. मग कोर्टासमोरच असलेल्या सासऱ्याच्या खानावळीत तो गिऱ्हाइकांची सरबराई करू लागला, आणि वकिलांच्या गप्पा ऐकता ऐकता, अगदी थोडक्या अभ्यासावर, १७६० मध्ये त्याने विल्यम्सबर्गला जाऊन वकिलीची सनद मिळवली. (आमच्या कॅन्टीनमधील मुलांनी हे वाचू नये, एवढीच विनंती.)

आता तंबाखू. माझे आजोबा निपाणीच्या तंबाखू वखारीत दिवाणजी होते. भाव चढला की कोणाची बोली पाळायची आणि कोणाची मोडायची यावरून होणारी भांडणे त्यांच्या तोंडून ऐकतच मी लहानाचा मोठा झालो, म्हणून हा खटला मला परका वाटत नाही. व्हर्जिनियात रोकड कमी आणि तंबाखू उदंड असल्यामुळे पगार, कर, दंड हे सारे तंबाखूतच मोजले जाई. सरकारमान्य अँग्लिकन चर्चच्या पाद्र्याचा पगार वर्षाला १६,००० पौंड तंबाखू, म्हणजे आपल्या मापाने सुमारे सव्वासात टन, असा कायद्यानेच ठरलेला होता. १७५८ मध्ये पीक बुडण्याची चिन्हे दिसली आणि भाव कडाडले. तेव्हा तेथील विधिमंडळाने कायदा केला की तंबाखूतील देणे पौंडाला दोन पेन्स या दराने रोखीत फेडता येईल. बाजारात भाव त्याच्या जवळजवळ तिप्पट होता. पडत्या भावात पाद्र्यांनी तोटा सोसायचा आणि चढत्या भावात मात्र नफा इतरांनी खायचा, असा हा व्यवहार असल्याने पाद्र्यांनी थेट लंडनला दाद मागितली आणि राजाने तो कायदा नामंजूर केला.

रेव्हरंड जेम्स मॉरी यांनी फरकाच्या रकमेसाठी दावा लावला. कायदा रद्दबातल असल्याचा निर्णय कोर्टाने आधीच दिला होता. नुकसानभरपाई किती, एवढेच ज्युरीने ठरवायचे होते. प्रतिवादींच्या पहिल्या वकिलाने हरलेला खटला म्हणून अंग काढून घेतले आणि काम २७ वर्षांच्या हेन्रीकडे आले. १ डिसेंबर १७६३ रोजी तो उभा राहिला, तेव्हा न्यायासनावर त्याचे वडील जॉन हेन्री बसलेले होते. त्याने भरपाईच्या आकड्यावर वाद घातलाच नाही. त्याने वाद घातला तो राजावर: प्रजेच्या हिताचा कायदा जो राजा रद्द करतो तो प्रजेचा पिता राहत नाही, जुलमी होतो आणि आज्ञापालनाचा हक्क गमावतो. विरुद्ध बाजूच्या वकिलाने 'हा राजद्रोह आहे' असे ओरडून सांगितले, पण कोर्टाने हेन्रीला थांबवले नाही. ज्युरी पाच मिनिटांच्या आत परत आली. भरपाई: एक पेनी.

ही बखर नव्हे. हे सारे हरलेल्या मॉरींनी त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात आहे, म्हणजे मोडीवाचक सरांच्या कसोटीलाही ते उतरावे. त्याच पत्रात मॉरी असेही लिहितात की कोर्ट उठल्यावर हेन्रीने त्यांची माफी मागितली आणि आपण हे सारे केवळ लोकप्रिय होण्यासाठी बोललो, असे सांगितले. मुलीने हेही सांगावे. पक्षकारासाठी घसा फोडून बाहेर आल्यावर विरुद्ध पक्षाला "साहेब, मनावर घेऊ नका" म्हणणारा वकील आपल्या कोर्टाच्या आवारातही रोज भेटतो, आणि मला तर हेन्री त्या एका वाक्यामुळे अधिक खरा वाटतो.

मोडीवाचक, शिवाजी पेठ

वकीलसाहेब, मॉरींचे पत्र कसोटीला उतरते. माफीवरून आठवले म्हणून एक जोड देतो.

१७६५ मध्ये स्टॅम्प कायद्याविरुद्ध, म्हणजे ब्रिटिश संसदेने वसाहतींवर लादलेल्या मुद्रांक कराविरुद्ध, ठराव मांडताना हेन्रीने सीझरला ब्रूटस भेटला, पहिल्या चार्ल्सला क्रॉमवेल भेटला, असे सत्ताधीशांच्या अंताचे दाखले देत इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जचे नाव घेतले, सभागृहात 'राजद्रोह' अशी आरोळी उठली आणि त्याने 'हा राजद्रोह असेल, तर खुशाल तसे समजा' असे उत्तर दिले, असे वर्ट सांगतो. पुढे एका अनाम फ्रेंच प्रवाशाची रोजनिशी पॅरिसच्या दफ्तरात सापडली आणि १९२१ मध्ये छापली गेली. तो प्रवासी त्या दिवशी दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या नोंदीत सीझर आणि ब्रूटस आहेत, आरोळीही आहे. पण त्यानंतर हेन्रीने सभापतींची क्षमा मागितली आणि राजावरील आपली निष्ठा बोलून दाखवली, असे तो लिहितो. बखर आणि रोजनिशी यांच्यात असा सामना झाला की मी रोजनिशीच्या बाजूचा.

त्या ठरावांचा त्याच्या स्वतःच्या हातचा कागद मात्र उपलब्ध आहे. मृत्यूनंतर मृत्युपत्रासोबत एक मोहोरबंद लखोटा निघाला. त्यात १७६५ च्या ठरावांची प्रत होती आणि पाठीमागे त्याने लिहिले होते की आपण तेव्हा तरुण, अननुभवी आणि सभागृहाच्या रीतींशी अपरिचित होतो, दुसरे कोणी पुढे येईना म्हणून एकट्याने, कोणाचा सल्ला न घेता, एका जुन्या कायद्याच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर हे ठराव लिहिले. आपल्या गाजलेल्या भाषणांपैकी एकाचीही प्रत ज्याने ठेवली नाही, त्याने हा कागद ३४ वर्षे सांभाळला.

बिंदू चौक

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण एका गोष्टीला अजून कोणी हात घातलेला नाही. वकीलसाहेबांनी 'सहा गुलाम' हे शब्द ३०० एकरांच्या जोडीने ओझरते लिहिले आणि पुढे तंबाखूवर दोन परिच्छेद खर्च केले. ती तंबाखू कोण पिकवत होते?

हेन्री मेला तेव्हा त्याच्या मालकीचे ६७ गुलाम होते. त्याला हे कळत नव्हते असेही नाही. १८ जानेवारी १७७३ रोजी रॉबर्ट प्लेझंट्स या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातील गुलामगिरीविरोधी गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मी स्वतः विकत घेतलेल्या गुलामांचा मालक आहे यावर कोणाचा विश्वास बसेल का. त्यांच्याशिवाय राहण्याच्या गैरसोयीमुळे मी या प्रवाहात ओढला जातो. याचे समर्थन मी करणार नाही, मला ते करता येणार नाही. दोन वर्षांनी त्याने स्वातंत्र्य किंवा मरण मागितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डनमोरने बंडखोरांच्या गुलामांना ब्रिटिश सैन्यात दाखल झाल्यास मुक्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा हेन्रीने तो सार्वजनिक सुरक्षिततेला घातक असल्याचे परिपत्रक पाठवून गुलामांवर अखंड पहारा ठेवण्यास बजावले. हेन्रीच्याच मालकीचा राल्फ नावाचा एक गुलाम पळून ब्रिटिशांच्या गोटात गेला. ब्रिटिशांच्या नोंदवहीत त्याचे नाव 'राल्फ हेन्री' असे आहे. धन्याचे भाषण त्याने ऐकले होते की नाही कोणास ठाऊक, पण त्यावर अंमल मात्र त्याने केला.

मी ज्या चौकाचे नाव लावते तेथे महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केले, ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेले लोक होते. कोल्हापूरच्या व्यासपीठावर अमेरिकन स्वातंत्र्याविषयी बोलताना हा धागा सोडून चालणार नाही, असे माझे मत आहे.

मोडीवाचक, शिवाजी पेठ

ताई, आपला मुद्दा मान्य आहे. परंतु त्या काळच्या माणसाला आजच्या तराजूत घालू नये, असे मला वाटते. निदान त्याने कबुली तरी दिली.

बिंदू चौक

सर, तराजू आजचा नाही, प्लेझंट्सचा आहे, आणि तो हेन्रीच्याच काळातला होता. त्याने बोलून नव्हे, स्वतःचे गुलाम मुक्त करून दाखवले.

शिवाय आपण अस्सल कागद मागता, तर हेन्रीच्या शब्दांचा सर्वांत खात्रीचा साठा १७८८ चा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेला मान्यता द्यावी की नाही यासाठी रिचमंडमध्ये जूनमध्ये परिषद भरली, तेव्हा डेव्हिड रॉबर्टसन याने भाषणे लघुलिपीत उतरवून घेतली. त्यातही चुका असतील, पण तो कोणाच्या चाळीस वर्षांनंतरच्या आठवणींचा मामला नाही. २४ जूनच्या भाषणात हेन्री म्हणतो की या घटनेमुळे मध्यवर्ती सरकारला तुमचे गुलाम मुक्त करण्याचा अधिकार मिळेल. गुलामगिरीचा मला खेद आहे, पण ती रद्द करणे शहाणपणाचे ठरणार नाही. ज्या वाक्याचा पुरावा दुबळा ते दोनशे वर्षे पाठ होते, आणि जे लिहून घेतलेले आहे ते कोणी म्हणत नाही.

सनदधारक, ताराबाई पार्क

तंबाखूच्या दोन परिच्छेदांविषयीची चूक कबूल. आजोबांच्या वखारीतही तंबाखू चाळणाऱ्या बायकांची नावे कधी चोपडीत आली नाहीत.

मात्र १७८८ मधून आणखी एक गोष्ट उचलावी, नाहीतर चित्र एका बाजूला कलते. 'आम्ही, भारताचे लोक' हे शब्द आपल्याला शाळेपासून इतके पाठ आहेत की त्यांना कोणी हरकत घेऊ शकेल हेच सुचत नाही. हेन्रीने अमेरिकेच्या घटनेतील नेमक्या याच शब्दांना पहिली हरकत घेतली: 'आम्ही लोक' असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, 'आम्ही राज्ये' असे का म्हटले नाही? एक बलाढ्य मध्यवर्ती सरकार उभे राहते आहे आणि नागरिकांच्या हक्कांची सनद त्यात कोठेच नाही, हे त्याचे दुसरे दुखणे. समोर घटनेचा पुरस्कर्ता जेम्स मॅडिसनसारखा थंड डोक्याचा, हलक्या आवाजाचा माणूस होता. हेन्री ८९ विरुद्ध ७९ मतांनी हरला. पण त्याने आणि त्याच्यासारख्या विरोधकांनी धरलेला आग्रह असा होता की हक्कांविषयीच्या दुरुस्त्या पहिल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मॅडिसनलाच मांडाव्या लागल्या, आणि १७९१ मध्ये त्या लागू झाल्या. जिंकलेल्या खटल्यात एक पेनी आणि हरलेल्या खटल्यात हक्कांची सनद, असा या वकिलाचा ताळेबंद आहे.

बाकी पाच वेळा व्हर्जिनियाचा गव्हर्नर, दोन लग्नांतून सतरा मुले, वॉशिंग्टनने देऊ केलेले परराष्ट्रमंत्रिपद नाकारणे, या गोष्टी सात मिनिटांत एका वाक्यात आटोपाव्यात.

फळाखडू, राजारामपुरी

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल मधल्या सुट्टीत मुलीला ही सारी चर्चा वाचून दाखवली. राल्फ हेन्रीच्या नावाशी ती थांबली आणि तो परिच्छेद तिने मला पुन्हा वाचायला लावला.

नवे भाषण तिने रात्री बसून लिहिले आहे. सुरुवात तंबाखूच्या पगारापासून होते. मधल्या भागात प्लेझंट्सना लिहिलेले पत्र आणि डनमोरचा जाहीरनामा येतो. प्रसिद्ध वाक्य 'विल्यम वर्टने लिहून ठेवल्याप्रमाणे' या शब्दांसह शेवटाकडे येते, पण शेवट त्यावर नाही. वाक्य उच्चारल्यावर ती क्षणभर थांबते, आणि ब्रिटिशांच्या नोंदवहीतील राल्फचे नाव उच्चारून खाली बसते. टाळ्या पडतील की नाही, मला सांगता येत नाही. वेळ लावून पाहिली तर सात मिनिटे चाळीस सेकंद होतात, त्यामुळे १७८८ ची परिषद वगळावी लागेल असे दिसते. वकीलसाहेबांनी राग मानू नये.

एक लहान शंका राहिली आहे. 'एक पेनी' हे शब्द आमच्याकडील मुलांना पोचत नाहीत, म्हणून 'एक पै' म्हणावे का?

सनदधारक, ताराबाई पार्क

पेनीच म्हणू द्या, बाई. पै म्हटले की परीक्षक पुन्हा 'अप्रमाणित' लिहायला मोकळे. निकाल सांगताना तिने मूठ उघडून एक नाणे दाखवले, तर शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

फळाखडू, राजारामपुरी

कल्पना तिला फार आवडली आहे. नियमपत्रिकेत व्यासपीठावर साहित्य आणण्यास मनाई आहे. मुठीतले नाणे साहित्यात मोडते का, हे उद्या आयोजकांना विचारून घेते.